पाच दुकानांची मर्यादा आणि दीडशेहून जास्त दुकानांचं एक कुटुंब: टेक्सासच्या 'स्पेक्स'ची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाची ही लेखी आवृत्ती. ऐकायला निवांतपणा नसेल किंवा लोकलमध्ये रेंज जात असेल, तर वाचा. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)



आजची गोष्ट सुरू होते एका बंद दुकानापासून. माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये, ह्यूस्टनला असतो. तो तिकडे नवीन होता तेव्हाचा किस्सा. रविवारची दुपार, संध्याकाळी चार मित्र जेवायला येणार, म्हणून हा व्हिस्कीची बाटली आणायला गाडी घेऊन निघाला. पहिलं दुकान बंद. दुसरं बंद. तिसऱ्या दुकानासमोर एवढं मोठं पार्किंग की टेनिस बॉलची टूर्नामेंट भरवावी, पण एकही गाडी नाही. त्याने तिथूनच मला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे, इथेपण ड्राय डे असतो का रे?"

मी म्हटलं, "दादा, गांधी जयंती तर नाहीये आज."

मग बाजूच्या वॉलमार्टमध्ये गेला. तिथे बिअर होती, वाईन होती, फटाफट बिलिंग चालू होतं. पण व्हिस्की, रम, वोडका? नाव नाही. रविवार आहे म्हणून नाही, हं. वॉलमार्टला टेक्सासमध्ये कुठल्याच वारी व्हिस्की विकता येत नाही.

मला वाटलं, अमेरिका म्हणजे सगळा खुला बाजार, पैसा टाका आणि धंदा करा. मग हे काय प्रकरण आहे? शोधत गेलो, तर त्यातून एका कुटुंबाची गोष्ट निघाली. त्यांच्या दुकानांचं नाव आहे 'स्पेक्स'. हिरव्या पाटीवर ससा, आणि टेक्सासभर पसरलेली दुकानं. ही सगळी एका घराची, आणि शेअर बाजारात त्यांचा एकही शेअर नाही.

सुरुवातीलाच सांगतो, हा भाग दारूच्या कौतुकाचा नाही. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पंचविशीच्या आतले असाल, आणि महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी कायद्याने वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. आजचा प्रश्न दारू कोणी प्यावी हा नाहीच. दारू कोणी विकावी, हे सरकार कसं ठरवतं, आणि तसं ठरवताना नेमका कोणाचा फायदा होतो, हा आजचा प्रश्न आहे.

बंदी उठली, पण भीती राहिली

थोडं मागे जाऊ. अमेरिकेत जानेवारी १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला ती उठली. मधल्या तेरा-चौदा वर्षांत काय झालं ते तुम्ही सिनेमांमध्ये पाहिलंय: चोरटी दारू, टोळ्या, गोळीबार.

पण बंदी आली का होती, हे आपण विसरतो. त्याआधी गावोगावी सलून म्हणजे दारूचे गुत्ते होते, आणि त्यातले बरेचसे बिअर कंपन्यांच्या पैशावर चालायचे. कंपनी गुत्तेवाल्याला उधारी द्यायची, फर्निचर द्यायची, आणि बदल्यात फक्त आमचाच माल खपव म्हणायची. माल खपवायचा म्हणजे गिऱ्हाईकाला आणखी पाजायची. पगाराच्या दिवशी कामगाराचा खिसा तिथेच रिकामा व्हायचा आणि घरी चूल पेटायची नाही. दारूबंदीच्या चळवळीत तिकडच्या बायका एवढ्या मोठ्या संख्येने का होत्या, हे महाराष्ट्रात वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

त्यामुळे बंदी उठवतानाही सरकारांच्या मनात धाक होता. दारू विकू द्यायची, पण विकणारा मोठा होता कामा नये. देशाने हा विषय राज्यांच्या हातात दिला. टेक्सासच्या मतदारांनी राज्याची बंदी उठवली ती १९३५ मध्ये, म्हणजे देशाच्या दीड-दोन वर्षं नंतर. त्याच वर्षी नवा कायदा आला. धंद्याचे तीन मजले केले: बनवणारा, ठोक विकणारा आणि किरकोळ विकणारा. एका मजल्यावरच्या माणसाने दुसऱ्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही.

आणखी एक गोष्ट. गावात दारूचं दुकान हवं की नको, हे गावाने मतदानाने ठरवायचं. हवं म्हणणारा भाग 'ओला', नको म्हणणारा 'कोरडा'. टेक्सासमध्ये २५४ काउंटी आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा किंवा तालुका समजा. त्यातले कित्येक दशकानुदशकं कोरडे राहिले. आपल्याकडे 'उभी बाटली, आडवी बाटली' अशी चिन्हं देऊन मतदान होतं ना, गावातलं दुकान बंद करायला? तसाच प्रकार, फक्त तिकडे तो आधीपासून चालत आलेला.

१९६२ चं ह्यूस्टन

आता येऊ आपल्या कुटुंबाकडे. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये कॅरोल जॅक्सन नावाच्या माणसाने (कॅरोल हे इथे पुरुषाचं नाव आहे, गोंधळू नका) आपल्या पत्नीसोबत दारूचं एक छोटं दुकान टाकलं. जॅक्सनला लोक 'स्पेक' म्हणायचे. म्हणून दुकानाचं नाव 'स्पेक्स', म्हणजे स्पेकचं दुकान. आपल्याकडे 'अण्णाचं दुकान' म्हणतात तसंच.

काळ बघा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यूस्टनच्याच राइस विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये उभे राहून 'आम्ही चंद्रावर जाणार' असं जगाला सांगत होते. तेलाचा पैसा होताच, त्यात आता नासाचं केंद्र शहरात येत होतं. नोकऱ्या आल्या, माणसं आली, रस्ते रुंद झाले. असं शहर कुठल्याही दुकानदाराला आवडेल.

पण दारूच्या दुकानदाराला आणखी एका गोष्टीचा फायदा होता. तेव्हा टेक्सासमधल्या साध्या हॉटेलात ग्लासात ओतलेली व्हिस्की मिळायचीच नाही! खाजगी क्लब सोडले तर बारवाल्याला पेग विकायची परवानगीच नव्हती. मग लोक काय करायचे? दुकानातून बाटली घ्यायची, कागदी पिशवीत गुंडाळायची, आणि ती पिशवी घेऊन हॉटेलात जायचं. हॉटेलवाला ग्लास, बर्फ आणि सोडा द्यायचा आणि त्याचेच पैसे लावायचा. चांगले सूट-बूट घातलेले लोक बगलेत कागदी पिशवी घेऊन जेवायला चाललेत, हे तिकडचं नेहमीचं दृश्य होतं.

म्हणजे कडक दारू हवी असेल, तर रस्ता जवळपास एकच: बंद बाटली विकणारं दुकान. तिथे बाटली फोडायची नाही, बसायचं नाही, घ्यायचं आणि निघायचं.

१९७१ मध्ये हे बदललं. बारमध्ये पेग मिळू लागला. तुम्ही म्हणाल, संपला दुकानांचा धंदा. झालं उलटंच, आणि इथे टेक्सासच्या कायद्यातली एक गंमत आहे. बाकीच्या बहुतेक राज्यांत बारवाला ठोक व्यापाऱ्याकडून माल घेतो. टेक्सासमध्ये मात्र बारवाल्याने कडक दारू घ्यायची ती किरकोळ दुकानातूनच. त्या दुकानाकडे त्यासाठीचा जादा परवाना हवा, एवढंच. म्हणजे गल्लीतलं गिऱ्हाईकही दुकानात येणार आणि अख्ख्या शहरातले बारही तिथेच माल भरणार. ज्याचं गोडाऊन मोठं, त्याची चांदी.

स्पेक्सचं गोडाऊन मोठं होतं. ह्यूस्टनच्या मिडटाउन भागात स्मिथ स्ट्रीटवर त्यांचं मुख्य दुकान आहे, सुमारे ८० हजार चौरस फुटांचं. दोन बीएचके फ्लॅट साधारण आठशे चौरस फुटांचा धरला तर शंभर फ्लॅट मावतील. आत नुसती दारू नाही: चीज, कॉफी, मसाले, सॉस, सिगार आणि दुपारच्या जेवणाला ताजी सँडविचेस. रोख किंवा डेबिट कार्डने पैसे दिले तर ५ टक्के सूट, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नियम. क्रेडिट कार्ड कंपनीला कमिशन द्यायचं, त्यापेक्षा तेच गिऱ्हाईकाला दिलेलं काय वाईट? एकदम मारवाडी हिशोब!

दुकान वाढवलं ते पुढच्या पिढीने. जॅक्सन दांपत्याची मुलगी लिंडी आणि जावई जॉन रिडमन धंद्यात उतरले. आणि इथेच आपल्या गोष्टीचा खरा पेच येतो.

पाचच दुकानं

टेक्सासच्या कायद्यात एक नियम होता: एका माणसाला किंवा एका कंपनीला दारूच्या दुकानांचे जास्तीत जास्त ५ परवाने. पाच म्हणजे पाच. सहावं दुकान टाकायचं नाही. हेतू सरळ होता, कोणी दारूसम्राट होऊ नये. दुकानं छोटी राहावीत, मालक गल्ल्यावर बसलेला असावा, गिऱ्हाईक त्याला आणि तो गिऱ्हाईकाला ओळखत असावा.

मग स्पेक्सची दुकानं दीडशेच्या वर कशी गेली?

कायद्यात एक खिडकी होती. रक्ताचं अगदी जवळचं नातं असलेल्या दोन माणसांकडे परवाने असतील, तर ते सगळे परवाने एका कंपनीत एकत्र करता येतात. एकत्र केल्यावर आकडा पाचच्या वर गेला तरी चालतो!

समजायला आपण आपल्याच गावातलं उदाहरण घेऊ. समजा शिंदे काका आहेत, त्यांच्याकडे ५ परवाने. त्यांची मुलगी सोनल, तिने स्वतःच्या नावावर ५ घेतले. दोघांनी मिळून 'शिंदे आणि कन्या' कंपनी केली आणि दहाही परवाने तिच्यात टाकले. आता सोनलच्या स्वतःच्या नावावर किती? शून्य. मग ती पुन्हा ५ घेऊ शकते. घेतले, कंपनीत टाकले. झाले १५. पुन्हा ५, झाले २०. पाचाचा पाढा म्हणत राहायचं, थांबायची गरजच नाही.

यात एक बारकावा बघा. कायदा म्हणतो रक्ताचं नातं. जावई आणि सून ही नाती लग्नाने जुळलेली, ती यात बसत नाहीत. आपल्याकडे किती घरांत अजून ऐकू येतं, 'मुलगी काय, परक्याचं धन, दुकान जावयाच्या नावाने चालवू'? टेक्सासच्या या कलमाला जावई दिसतच नाही, त्याला लेक दिसते. धंदा जावयाने कितीही हुशारीने चालवला, तरी आकडा पाचच्या पुढे नेणारा धागा आई-बाप आणि लेकरं यांच्यातूनच जातो.

आता दुसरी बाजू. समजा शेजारचे पाटील काका आहेत. तेवढेच कष्टाळू, तेवढेच प्रामाणिक. पण त्यांना मूलबाळ नाही. किंवा आहे, पण पोरगी डॉक्टर झाली आणि तिला दारूच्या धंद्याचं नाव नको. पाटील काकांचा धंदा पाचावर थांबला. का थांबला? माल वाईट होता म्हणून नाही, हिशोब चुकला म्हणूनही नाही. घरात वारस नव्हता म्हणून.

म्हणजे कोणी मोठं होऊ नये म्हणून कायदा केला, आणि त्याच कायद्याने मोठं कोण होणार हे कुटुंबावर सोडलं. एवढं कळलं की पुढचं सगळं प्रकरण समजतं.

मोठं व्हायला जागाही मिळत गेली. २००० नंतरच्या दशकात टेक्सासमधले कोरडे भाग एकेक करून ओले होऊ लागले. लबक नावाचं एक मोठं शहर आहे, विद्यापीठाचं. तिथे शहराच्या हद्दीत दुकानातून दारू विकायला बंदी होती, म्हणून हद्दीबाहेर हायवेलगत दुकानांची एक रांगच होती. लोक गाडी काढून तिथे जायचे, माल घेऊन परत यायचे. मे २००९ मध्ये शहराने मतदान करून दुकानांना परवानगी दिली. अशा प्रत्येक मतदानानंतर नवीन बाजार उघडायचा, आणि तिथे झटकन दुकान टाकायला पैसा, माल आणि परवाना कोणाकडे तयार असायचा? ज्यांच्या हातात पाचाचा पाढा होता त्यांच्याकडे.

वॉलमार्ट दाराशी

दादाला वॉलमार्टमध्ये व्हिस्की का मिळाली नाही, ते आता सांगतो.

आधी टेक्सासचा नियम असा होता की दुकानाचा मालक किमान ३ वर्षं टेक्सासचा रहिवासी हवा. बाहेरच्या लोकांनी कोर्टात याला आव्हान दिलं आणि १९९४ मध्ये अपील कोर्टाने हा नियम बेकायदा ठरवला. एका राज्याने दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याला नुसतं बाहेरचा म्हणून अडवायचं नाही, हे अमेरिकेच्या घटनेचं तत्त्व आहे.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, टेक्सासच्या विधिमंडळाने नवा नियम आणला. ज्या कंपनीचे शेअर बाजारात आहेत, किंवा जिचे मालक ३५ पेक्षा जास्त आहेत, तिला दारूच्या दुकानाचा परवाना नाही. 'बाहेरचा' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. पण वॉलमार्ट, कॉस्टकोसारखे सगळे मोठे त्यातच अडकले. कुटुंबाच्या खाजगी कंपन्या मात्र अलगद सुटल्या. खाजगी कंपनीला परवानगी आणि शेअर बाजारातल्या कंपनीला बंदी, असा भेद करणारं टेक्सास हे एकमेव राज्य.

२०१५ मध्ये वॉलमार्ट कोर्टात गेलं. समोर टेक्सासचं दारू नियंत्रण खातं, ज्याला तिकडे टीएबीसी म्हणतात. आपल्या राज्य उत्पादन शुल्क विभागासारखं समजा, आपण ज्यांना 'एक्साइजवाले' म्हणतो. त्यांच्या बाजूने दुकानदारांची संघटनाही खटल्यात उतरली. मार्च २०१८ मध्ये खालच्या कोर्टाने वॉलमार्टच्या बाजूने निकाल दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द करून प्रकरण फेरविचाराला परत खाली पाठवलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वॉलमार्टचं प्रकरण ऐकायला नकार दिला. वॉलमार्टची व्हिस्की टेक्सासच्या बाहेरच राहिली.

आणि रविवारचं काय? तिकडे दारूची दुकानं सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते रात्री ९. रविवार बंद. मला वाटायचं यामागे फक्त चर्च असेल. पण रविवारी दुकानं उघडू देण्याचा विषय निघाला की विरोध करायला दुकानदारांची संघटनाही पुढे असते! कारण सोपं आहे. सहा दिवसांत जेवढं खपतं, सात दिवसांत तेवढंच खपणार, फक्त पगार आणि लाइटबिल एका दिवसाचं वाढणार. आणि समोरचा बंद आहे याची खात्री असेल तरच आपण निवांत सुट्टी घेऊ शकतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं सोमवारी सगळी सलूनं बंद असायची ना? तोच हिशोब.

७१ कोटी ३० लाख डॉलर विरुद्ध ७७८ डॉलर

आता वाटेल, या कुटुंबाचं तर सगळं मजेत चाललं होतं. कायदा त्यांच्या बाजूने, वॉलमार्ट बाहेर. पण परवान्यावर उभा असलेला धंदा म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेलं घर. जमिनीचा मालक कधी दार ठोठावेल, सांगता येत नाही.

टीएबीसीने स्पेक्सची चौकशी लावली. मुद्दा मुख्यतः ठोक व्यापाऱ्यांशी असलेल्या व्यवहारांचा. टेक्सासमध्ये दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याचे पैसे ठरलेल्या तारखेलाच द्यावे लागतात. महिन्याच्या १ ते १५ तारखेपर्यंत घेतलेल्या मालाचे पैसे २५ ला, उरलेल्या पंधरवड्याचे पुढच्या महिन्याच्या १० ला. कारण तेच जुनं: उधारीच्या दोरीने ठोक व्यापाऱ्याने दुकानदाराला बांधून ठेवू नये. जुन्या गुत्त्यांची ती आठवण कायद्याच्या हाडात भिनलेली आहे.

खात्याने आरोपांची भलीमोठी यादी काढली आणि मागणी केली ती अशी: स्पेक्सचे सगळेच्या सगळे, म्हणजे १६४ परवाने रद्द करा, नाहीतर ७१ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत दंड लावा. त्या वेळच्या दराने साडेचार हजार कोटी रुपयांच्या वर! ५५ वर्षांत उभं केलेलं सगळं एका फाइलमध्ये. परवाने गेले असते तर सगळ्या दुकानांना कुलूप. दुकानांत काम करणाऱ्या लोकांच्या नोकऱ्या तिथेच संपल्या असत्या. जॅक्सन-रिडमन घराण्याकडे पैसा होता, काउंटरवर बाटल्या स्कॅन करणाऱ्या पोराकडे तो नव्हता.

अशा वेळी बहुतेक लोक काय करतात? तडजोड करतात. काहीतरी दंड भरतात, प्रकरण मिटवतात, कारण खात्याशी वैर घेऊन धंदा करता येत नाही. स्पेक्सवाले लढले. प्रकरण स्वतंत्र प्रशासकीय न्यायाधीशांसमोर गेलं. सुनावणी झाली, कागद तपासले, साक्षी झाल्या.

२०१७ मध्ये निकाल आला. एवढ्या सगळ्या आरोपांतून न्यायाधीशांच्या हाती काय लागलं असेल? स्पेक्सने एक ७७८ डॉलरचं बिल बहुधा एक-दोन दिवस उशिरा भरलं असावं. बस. ७७८ डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण पन्नास हजार रुपये. आणि त्यासाठीही न्यायाधीशांनी दंडाची शिफारस केली नाही.

खात्यासाठी ते वर्षच वाईट होतं. वरिष्ठ अधिकारी सरकारी खर्चाने कसल्या कसल्या परिषदांना वाऱ्या करतात, यावर टेक्सासच्या पत्रकारांनी रान उठवलं होतं आणि कार्यकारी संचालकांना पद सोडावं लागलं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर टाळ्या वाजल्या असत्या. पण स्पेक्सने पुढे खात्याच्या लोकांवरच खटला भरला, की तुम्ही पुरावा नसताना आम्हाला कोंडीत पकडलंत. २०२० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की अशी प्रकरणं चालवणाऱ्या सरकारी वकिलांना त्या कामापुरतं कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्यावर दावा चालणार नाही. म्हणजे परवाने वाचले, पण झालेल्या त्रासाची भरपाई नाही. या खटल्यातलं कंपनीचं कायदेशीर नाव सांगतो, मजेशीर आहे: 'स्पेक्स फॅमिली पार्टनर्स लिमिटेड'. कुटुंब हा शब्द थेट नावातच.

आणि २०१९ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने मर्यादाच बदलली. ५ च्या जागी २५०. एका वर्षात नवे परवाने जास्तीत जास्त १५. आता मोठं व्हायला घरात लेक असलीच पाहिजे असं नाही. पण तोपर्यंत ज्यांना मोठं व्हायचं होतं, ते होऊन बसले होते. शर्यतीतला एक जण पन्नास वर्षं पुढे पळून गेल्यावर बाकीच्यांना सांगितलं, या, आता तुम्हीही पळा.

आपल्याकडचं काय?

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल, तर आपल्या नाक्यावरच्या 'वाईन शॉप'कडे एकदा नीट बघा. त्याचं नाव वाईन शॉप आणि आत सगळ्यात कमी काय असतं, तर वाईन! पण ते सोडा. त्या दुकानाची पाटी किती जुनी आहे ते बघा. बहुतेक वेळा वडिलांचं, आजोबांचं दुकान असतं.

आपला दारूबंदीचा कायदा १९४९ चा, तेव्हाच्या मुंबई राज्याचा. कागदावर आजही आपल्याकडे प्यायला परवाना लागतो. आणि वाईन शॉपचे नवे परवाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून राज्याने जवळजवळ गोठवलेले आहेत. हेतू तोच, दारू पसरू नये. पण महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत गेली, शहरं फुगली आणि परवाने मात्र तेवढेच. मग त्या कागदाची किंमत वाढत वाढत कोटींच्या घरात गेली. ज्याच्या आजोबांकडे परवाना होता, त्याच्याकडे आज तो आहे. तुम्ही-मी उद्या दुकान टाकायचं म्हटलं, तर जुन्या मालकाकडूनच परवाना घ्यावा लागतो.

टेक्सासने आकडा बांधला आणि नात्याला खिडकी ठेवली. आपण दरवाजाच लावून घेतला आणि आत होते त्यांना आतच ठेवलं. दोन्हीकडे झालं एकच: परवाना रक्ताने चालत आला.

मला चुकीचं समजू नका. नाक्यानाक्यावर दुकानं उघडा, असं मी अजिबात म्हणत नाहीये. आडव्या बाटलीला मत द्यायला उन्हात रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना दारू घरात काय करते हे माहीत असतं, आणि त्यांच्यापुढे मी काय बोलणार? बंधनं हवीतच. माझा मुद्दा एवढाच आहे की बंधन घालताना सरकार नुसती दारू अडवत नसतं, विकण्याचा हक्कही कोणाच्या तरी हातात देत असतं. तो कोणाला मिळाला आणि कशाच्या जोरावर, हे विचारायला हवं. फक्त दारूच्या बाबतीत नाही. रेशन दुकान, पेट्रोल पंप, रिक्षाचा परमिट, काहीही घ्या. जिथे परवाने मोजके, तिथे हा प्रश्न आहेच.

जॅक्सन दांपत्याने १९६२ मध्ये दुकानाचं शटर वर केलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात कायद्याच्या खिडक्या असतील असं मला वाटत नाही. नवरा-बायको, एक छोटं दुकान, आणि वाढणारं शहर. कष्ट त्यांचे होते, धंद्याची अक्कल त्यांची होती, आणि खात्यासमोर उभं राहायची हिंमतही त्यांचीच. ते कोणी नाकारत नाही. पण तेवढेच कष्ट करणाऱ्या पाटील काकांचा धंदा पाचावर थांबला, हेही त्याच गोष्टीत आहे, आणि त्यांच्या पाटीवर ससा नाही म्हणून आपण त्यांना विसरतो.

जाता जाता दादाची खबर. त्या रविवारी त्याने मित्रांना सोलकढी पाजली. सगळ्यांनी दोन-दोन ग्लास घेतली म्हणे. आता तो शनिवारी रात्री ९ च्या आत खरेदी उरकतो आणि नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ऐटीत सांगतो, "रविवारी जाऊ नकोस रे, बंद असतं."

तुमच्या गावात असं एखादं दुकान आहे का, जे तीन पिढ्या एकाच घरात आहे? दारूचंच पाहिजे असं नाही. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, त्या दुकानाचा परवाना पहिल्यांदा कोणाला आणि कसा मिळाला होता. उत्तर ऐकण्यासारखं असेल, पैज लावतो.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या आणि ऐकत राहा!